पायाचे डॉपलर : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

पायाच्या धमन्या आतून थर साचून अरुंद होतात आणि पावलापर्यंत रक्त कमी पोहोचते, या विकाराविषयी मागील अंकात लिहिले होते. त्या लेखात 'गरज वाटल्यास पायाचे डॉपलर (ध्वनिलहरींनी धमन्यांतील रक्तप्रवाह तपासणारी चाचणी) करून घ्यावे' असे एक वाक्य ओझरते आले होते. त्याच वाक्यावर सर्वांत जास्त पत्रे आली, म्हणून यावेळचा स्तंभ त्यांच्यासाठीच ठेवला आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

प्रश्न : आईच्या पावलावरची नाडी डॉक्टरांच्या बोटांना लागली नाही. तेव्हा त्यांनी जाडसर पेनासारखे एक यंत्र जेल लावून पावलावर टेकवले. त्यातून लयीत आवाज येऊ लागला आणि 'रक्त येते आहे' असे ते म्हणाले. आवाज आला म्हणजे काळजीचे कारण नाही, असे समजावे का?

उत्तर : तसे समजू नये. आवाज आला याचा अर्थ प्रोबच्या, म्हणजे त्या पेनासारख्या भागाच्या, खाली असलेल्या रक्तवाहिनीत रक्त हलते आहे, एवढाच होतो. ते पुरेसे आहे का, त्याला दाब किती आहे, बोटांच्या टोकांपर्यंत ते पोहोचते का, यांपैकी कशाचेही उत्तर केवळ आवाज असण्याने मिळत नाही. मांडीतील मुख्य धमनी पूर्ण बंद झालेली असली तरी आजूबाजूच्या बारीक फांद्या कालांतराने रुंदावतात आणि वळसा घालून थोडे रक्त खाली नेतात. अशा पावलावरही यंत्र आवाज देते.

यंत्राचे काम कसे चालते हे पाहिले तर ही मर्यादा लक्षात येईल. प्रोबच्या टोकाशी दोन स्फटिक असतात. एक अखंड ध्वनिलहरी सोडत राहतो आणि दुसरा परत आलेल्या लहरी टिपतो. पावलाच्या उथळ धमन्यांसाठी बहुधा 8 मेगाहर्ट्झचा प्रोब वापरतात. माणसाच्या कानाची मर्यादा सुमारे 20,000 हर्ट्झची असल्याने या लहरी आपल्याला ऐकू येणे शक्यच नाही. धावत्या लाल पेशींवर आपटून परतताना मात्र लहरींची वारंवारता किंचित बदलते, आणि हा बदल नेमका कानाच्या टप्प्यात पडतो. रक्त सेकंदाला 50 सेंटिमीटर वेगाने वाहत असेल आणि प्रोब धमनीशी 60 अंशांचा कोन करत असेल, तर फरक साधारण 2,600 हर्ट्झ येतो. यंत्र हा फरकच स्पीकरवर ऐकवते. म्हणजे आईच्या पावलावर आपण जे ऐकले तो रक्ताच्या वेगाचा स्वर होता. वेग वाढला की स्वर चढतो, वेग उतरला की स्वर उतरतो.

ज्यांच्या नावाने हे यंत्र ओळखले जाते त्या क्रिस्टियान डॉपलर यांच्यापुढे रक्ताचा प्रश्नच नव्हता. त्यांनी 1842 मध्ये प्राग येथे मांडलेला विचार जोडताऱ्यांच्या प्रकाशाविषयी होता. त्यानंतर तीन वर्षांनी हॉलंडमध्ये बाइस बॅलट या शास्त्रज्ञांनी आगगाडीत तुतारीवादक बसवून ध्वनीच्या बाबतीत तो पडताळून पाहिला. वैद्यकात तो यायला विसाव्या शतकाचे सहावे दशक उजाडावे लागले, जेव्हा जपानमध्ये शिगेओ सातोमुरा यांनी हृदयाची हालचाल आणि पुढे रक्तप्रवाह या पद्धतीने टिपला.

आता आवाजाच्या जातीकडे येऊ, कारण खरी माहिती तिथे आहे. विश्रांतीत असलेल्या निरोगी पायाच्या धमनीत एका ठोक्याचे तीन भाग ऐकू येतात. हृदय आकुंचन पावताच एक खणखणीत, झटकन चढणारा स्वर येतो. त्यामागोमाग रक्त क्षणभर उलट सरकते त्याचा खालचा स्वर येतो, आणि शेवटी पुन्हा पुढे जाणारा एक हलका स्वर येतो. रक्त उलट सरकते याचे कारण असे की विश्रांतीत पायाच्या सूक्ष्म धमन्या आवळलेल्या असतात, समोरचा अडथळा मोठा असतो आणि प्रवाहाची लाट त्याच्यावर आदळून मागे येते. या नमुन्याला ट्रायफेजिक म्हणतात. वरच्या भागात धमनी बरीच अरुंद झाली की पुढच्या ऊतींना रक्ताची टंचाई भासते आणि तिथल्या सूक्ष्म धमन्या कायमच्या सैलावतात. मग उलटा भाग नाहीसा होतो, स्वर सावकाश चढतो, बोथट होतो आणि एका ठोक्याचा एकच लांबट 'हूऽऽ' उरतो. हा मोनोफेजिक नमुना होय. विकार फार वाढला की ठोका आणि मधली शांतता यांतला फरकही पुसट होत जातो.

आणखी एक गफलत होऊ शकते. धमनीच्या शेजारून नीला जाते आणि प्रोब थोडा सरकला की तिचाच आवाज लागतो. तो वारा वाहावा तसा सलग असतो, श्वासाबरोबर कमीजास्त होतो आणि पाऊल हाताने दाबले की एकदम वाढतो. सरावलेला कान यात सहसा फसत नाही, पण गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात घाईघाईने ऐकलेल्या आवाजाबद्दल मी तेवढी खात्री देणार नाही. आईच्या डॉक्टरांना आवाज कोणत्या प्रकारचा होता आणि घोट्याशी दाब किती भरला, हे दोन्ही अवश्य विचारा.

प्रश्न : माझ्या अहवालात 'एबीआय उजवा 0.69, डावा 0.97' असे लिहिले आहे. चार महिन्यांपूर्वी दुसरीकडे केलेल्या तपासणीत उजवा 0.76 होता. हा आकडा कसा काढतात आणि माझा आजार वाढला आहे का?

उत्तर : एबीआय म्हणजे घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागून येणारा निर्देशांक. रुग्णाला पाच ते दहा मिनिटे उताणे झोपवून ठेवतात. मग दोन्ही दंडांचा आणि दोन्ही घोट्यांचा वरचा रक्तदाब मोजतात. घोट्याशी स्टेथोस्कोपने नीट ऐकू येत नाही म्हणून तिथे डॉपलर लागतो. घोट्याच्या जरा वर पट्टा बांधून आवाज बंद होईपर्यंत हवा भरतात, मग ती हळूहळू सोडतात, आणि ज्या आकड्यावर आवाज पुन्हा सुरू होतो तो त्या धमनीचा दाब मानतात. प्रत्येक पायात दोन ठिकाणी असे मोजतात, एक पावलाच्या वरच्या बाजूला आणि दुसरे आतल्या घोट्याच्या मागे.

समजा दंडांचे दाब 134 आणि 140 आले, उजव्या पावलावर 84 आणि घोट्यामागे 96 आले. दोन्ही दंडांतला जास्तीचा आकडा 140 आणि त्या पायातला जास्तीचा आकडा 96 घ्यायचा. 96 भागिले 140 म्हणजे 0.69. निरोगी माणसाच्या घोट्याचा दाब दंडाइतका किंवा त्याहून थोडा जास्त असतो. त्यामुळे 1.00 ते 1.40 हे सामान्य, 0.91 ते 0.99 हे सीमेवरचे आणि 0.90 किंवा त्याखालचे मूल्य धमनीविकाराचे मानले जाते. 1.40 च्या वरचा आकडाही सामान्य नसतो. त्याबद्दल पुढच्या उत्तरात सविस्तर लिहिले आहे.

आपल्या उजव्या पायात विकार आहे यात शंका नाही. तो वाढला आहे असे मात्र या दोन आकड्यांवरून म्हणता येत नाही. एकाच माणसाचे दोन वेळा मोजलेले एबीआय थोडे पुढेमागे होतातच आणि साधारण 0.15 पेक्षा कमी फरक खरा बदल म्हणून धरत नाहीत. आपला फरक 0.07 आहे. शिवाय काही ठिकाणी पायातला जास्तीचा आकडा घेण्याऐवजी कमीचा घेतात. वरच्याच उदाहरणात 84 घेतले असते तर निर्देशांक 0.60 आला असता, आणि रुग्णाला वाटले असते की पाय बिघडला. म्हणून माझा आग्रह असतो की अहवालात अंतिम भागाकाराबरोबर सहाही दाब छापलेले असावेत. घोट्यांचे चार आणि दंडांचे दोन आकडे हाती असले की पुढच्या डॉक्टरला सगळा हिशेब पुन्हा मांडता येतो.

पत्रात आपण हृदयाविषयी काहीच विचारलेले नाही, पण तिकडे लक्ष वेधणे भाग आहे. पायाच्या धमन्यांत जे थर साचतात तेच हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्यांतही साचत असतात. 0.90 च्या खालचा एबीआय असलेल्यांना हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचा धोका इतरांपेक्षा स्पष्टपणे जास्त असतो. तंबाखू कोणत्याही रूपात घेत असाल तर ती बंद करणे, कोलेस्टेरॉल उतरवणारे स्टॅटिन, रक्ताच्या गुठळ्या टाळणारे औषध, रक्तदाब आणि साखर यांवरील नियंत्रण, या सगळ्याचा विचार या एका आकड्यावरून सुरू व्हायला हवा.

प्रश्न : वडिलांना वीस वर्षांपासून मधुमेह आहे. उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम होऊन दोन महिने झाले, ती भरत नाही. डॉपलर केल्यावर एबीआय 1.52 आला आणि 'रक्तपुरवठा उत्तम आहे, फक्त ड्रेसिंग करत राहा' असे सांगण्यात आले. दुसऱ्या डॉक्टरांनी बोटाचा दाब मोजायला सांगितले आहे. सामान्यपेक्षा जास्त आकडा वाईट कसा असू शकतो?

उत्तर : दुसऱ्या डॉक्टरांचे म्हणणे बरोबर आहे. ती तपासणी लांबणीवर टाकू नका.

दीर्घकाळचा मधुमेह, मूत्रपिंडाचा जुनाट विकार आणि वार्धक्य यांत धमनीच्या भिंतीच्या मधल्या थरात कॅल्शियम साचते. धमनी कडक होते आणि पट्ट्यात कितीही हवा भरली तरी दाबली जात नाही. पट्टा 220, 230 पर्यंत जातो तरी आवाज चालूच राहतो. आपण मोजायला निघालो होतो आतल्या रक्ताचा दाब, आणि हाती लागला भिंतीचा ताठपणा. आतून ती धमनी मोकळी आहे की थरांनी जवळजवळ बुजली आहे, याविषयी 1.52 हा आकडा काहीही सांगत नाही. 'उत्तम' हा शब्द त्यावरून काढणे चूक आहे.

मला तर याहून जास्त भीती 1.05 अशा आकड्याची वाटते. धमनी अरुंद झाल्याने खरा दाब उतरलेला असतो, भिंत कडक असल्याने मोजलेला दाब चढलेला असतो, आणि दोन्ही मिळून आकडा बरोबर सामान्य मर्यादेत येऊन बसतो. 1.52 पाहून निदान कोणाला तरी शंका येते, 1.05 पाहून कोणालाच येत नाही. म्हणून मधुमेह जुना असेल आणि पायाला जखम असेल, तर केवळ सामान्य एबीआयवर विसंबून धमनीविकार नाही असे म्हणू नये.

पायाच्या बोटांतील धमन्या या कडकपणातून बहुधा वाचतात, आणि बोटाचा दाब मोजण्यामागचे तर्कशास्त्र हेच आहे. अंगठ्याच्या बुडाशी सुमारे अडीच सेंटिमीटर रुंदीचा छोटा पट्टा गुंडाळतात आणि अंगठ्याच्या टोकाशी प्रकाशावर चालणारा एक संवेदक लावतात. पट्ट्यातील हवा सोडताना ज्या आकड्यावर नाडीची लाट परत दिसू लागते तो बोटाचा दाब. निरोगी माणसातही तो दंडापेक्षा कमी असतो, त्यामुळे दंडाशी त्याचे गुणोत्तर 0.70 च्या वर असले तर सामान्य धरतात. जखमेच्या दृष्टीने मात्र गुणोत्तरापेक्षा प्रत्यक्ष दाब महत्त्वाचा असतो. तो 30 मिलिमीटर पाऱ्याच्या खाली असेल तर रक्तप्रवाह वाढवल्याशिवाय जखम भरण्याची आशा फार कमी असते. 60 किंवा त्याहून जास्त असेल तर रक्तपुरवठ्याअभावी जखम अडली असण्याची शक्यता कमी होते. दाब या दोहोंच्या मधे असेल तर जखमेचा आकार, जंतुसंसर्ग आणि इतर आजार पाहून ठरवावे लागते. समजा वडिलांचा दंडाचा दाब 150, घोट्याचा 228 आणि अंगठ्याचा 34 निघाला. घोट्याचा निर्देशांक 1.52 आणि अंगठ्याचा 0.23. एकाच पायाचे हे दोन आकडे आहेत आणि उपचार दुसऱ्या आकड्यावरून ठरतील. जखमेमुळे अंगठ्याला पट्टा बांधणे शक्य नसेल तर शेजारच्या बोटाला बांधता येतो.

बोटाचा दाब मोजण्याची सोय नसेल तर काय करावे, असेही दोघातिघांनी विचारले आहे. पावलावरच्या डॉपलरचा आवाज आलेखावर लाटेसारखा उमटतो, त्या लाटेचा आकार पाहावा, कारण त्यात पट्टा दाबण्याचा प्रश्नच येत नाही. आकडा 1.52 आणि लाट बोथट, मोनोफेजिक असेल तर विश्वास लाटेवर ठेवावा. अलीकडे काही केंद्रांत तळपायाच्या धमन्यांतील लाट पायथ्यापासून शिखरापर्यंत चढायला किती वेळ घेते हेही मोजतात. हा वेळ 120 मिलिसेकंदांपर्यंत असेल तर समाधानकारक, आणि 225 च्या पुढे गेला तर पायाला गंभीर टंचाई आहे असे मानतात. त्वचेवरून ऑक्सिजनचे प्रमाण मोजण्याचीही पद्धत आहे. यांतले जे उपलब्ध असेल ते करावे, पण काहीतरी करावे.

आपण पुढे लिहिले आहे की पाऊल गरम लागते आणि जखम दुखत नाही, त्यामुळे घरच्यांना धीर वाटतो. मधुमेहात मज्जातंतू बधिर होतात म्हणून वेदना जाणवत नाही, आणि त्याच बिघाडामुळे त्वचेजवळचे रक्ताचे आडमार्ग उघडे राहून पाऊल उबदार लागू शकते. या दोन्ही गोष्टींचा आधार घेऊ नका. चांगली निगा राखूनही चार ते सहा आठवड्यांत न भरलेली जखम, मग सुरुवातीचे आकडे काहीही असोत, रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकांना दाखवायला हवी. वडिलांच्या बाबतीत ती मुदत उलटून गेली आहे. जखमेभोवती लाली पसरू लागली, सूज वाढली, दुर्गंधी आली, बोट काळे पडू लागले किंवा ताप आला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

प्रश्न : थोडे अंतर चालले की पोटरी भरून येते आणि थांबावे लागते. एबीआय 0.98 आला. मग दुखणे कशाचे?

उत्तर : एबीआय झोपवून मोजला गेला आणि दुखणे चालताना होते, हा या कोड्याचा धागा आहे. विश्रांतीत स्नायूंची मागणी कमी असते आणि ओटीपोटातील अरुंद धमनीसुद्धा ती भागवू शकते. चालू लागले की स्नायूंतील सूक्ष्म धमन्या उघडतात, अरुंद जागेतून जास्त रक्त जाऊ पाहते आणि त्या जागेच्या पुढे दाब कोसळतो. म्हणून अशा रुग्णाला चालवून लगेच पुन्हा मोजतात. साधारणपणे 12 टक्के चढाच्या ट्रेडमिलवर ताशी 3.2 किलोमीटर वेगाने, जास्तीत जास्त पाच मिनिटे चालवतात. ट्रेडमिल नसेल तर उभे राहून टाचा वर-खाली करायला लावतात. त्यानंतर घोट्याचा दाब 30 मिलिमीटरहून जास्त उतरला किंवा एबीआय 20 टक्क्यांहून जास्त घटला तर दुखणे धमनीचे आहे असे धरता येते.

दाब उतरला नाही तर कण्याकडे पाहावे लागेल. कण्यातील मज्जातंतू दबल्यानेही चालताना पाय भरून येतात, पण तिथे नुसते उभे राहून आराम पडत नाही, बसावे किंवा पुढे वाकावे लागते. धमनीचे दुखणे जागच्या जागी उभे राहिल्यावर काही मिनिटांत ओसरते.

प्रश्न : तपासणीत माझ्या दोन्ही पावलांवरची नाडी लागली नाही. मला काहीही त्रास नाही. घाबरावे का?

उत्तर : नाही. काही निरोगी माणसांत पावलाच्या वरची धमनी जन्मतःच बारीक असते किंवा तिची जागा वेगळी असते. घोट्यामागची नाडी चांगली लागत असेल तर बहुधा प्रश्न मिटतो. तीही लागत नसेल, किंवा आपण धूम्रपान करत असाल, मधुमेह असेल, वय पासष्टच्या पुढे असेल, तर एकदा एबीआय मोजून घ्यावा.

प्रश्न : मी परिचारिका आहे. जखमांच्या विभागात आम्हाला हातात धरायचा डॉपलर मिळाला आहे. पायावरच्या जखमांना दाबाची पट्टी बांधण्यापूर्वी मलाच एबीआय काढावा लागतो. आकडे रोज वेगळे येतात. कुठे चुकत असेल?

उत्तर : आपल्या पत्राने फार समाधान वाटले, कारण ही तपासणी बिघडते ती यंत्रापेक्षा हाताने.

रुग्ण चालत आला आणि आपण लगेच मोजले तर आकडा फसवा येतो. त्याला आधी पाच ते दहा मिनिटे आडवे होऊ द्या. बसवून मोजू नका, कारण पाय हृदयाच्या पातळीच्या खाली गेला की नुसत्या उंचीच्या फरकाने घोट्याचा दाब चढतो. खोली गार असेल तर पाय पांघरुणाने झाका. पट्ट्याची रुंदी त्या जागेच्या घेराच्या निदान 40 टक्के हवी. अरुंद पट्टा दाब खोटा वाढवतो. उघडी जखम पट्ट्याखाली येत असेल तर तिच्यावर आधी स्वच्छ आवरण ठेवा.

जेल सढळ हाताने घ्या. पावलाच्या वरची धमनी अंगठा वर उचलणाऱ्या स्नायुबंधाच्या किंचित बाहेरच्या बाजूला सापडते, आणि दुसरी आतल्या घोट्याच्या मागे, घोटा आणि टाच यांच्या मधल्या खळगीत. प्रोब सरळ उभा धरू नका. तो त्वचेशी 45 ते 60 अंश कलवा आणि टोक वरच्या दिशेने, येणाऱ्या रक्ताकडे करा. उभ्या प्रोबला प्रवाह जवळजवळ ऐकू येत नाही, कारण मोजला जातो तो लहरींच्या दिशेतला वेग. त्याहून जास्त वेळा होणारी चूक म्हणजे प्रोब दाबून धरणे. दुबळी धमनी प्रोबच्या भारानेच चेपते आणि आवाज नाहीसा होतो. मनगट किंवा करंगळी रुग्णाच्या पायावर टेकवा, म्हणजे हात स्थिर राहतो आणि प्रोब जेलवर नुसता तरंगतो. सूज असेल तर 8 ऐवजी 5 मेगाहर्ट्झचा प्रोब खोलवर पोहोचतो.

आवाज सर्वांत स्पष्ट असेल तिथे थांबा, आवाज बंद झाल्यावर आणखी 20 मिलिमीटर हवा भरा आणि सेकंदाला 2 ते 3 मिलिमीटर या गतीने सोडा. भरभर सोडली तर पहिला ठोका निसटतो आणि दाब कमी नोंदला जातो. त्याच वेळी हलत्या पट्ट्याने प्रोब घसरला नाही ना, याकडे लक्ष ठेवा. तसा घसरला तर आवाज कधी परतला हेच कळत नाही.

दाबाच्या पट्टीविषयी साधारण संकेत असा की एबीआय 0.80 किंवा त्याहून जास्त असेल तर पूर्ण दाबाची पट्टी चालते, 0.50 च्या खाली असेल तर बांधू नये, आणि या दोहोंच्या मधे असेल तर तज्ज्ञांच्या सल्ल्याने कमी दाब द्यावा. आकडा 1.40 च्या पुढे गेला तर त्याच्या आधाराने पट्टी बांधू नका, रुग्णाला पुढे पाठवा. आकड्याशेजारी आवाजाचा प्रकारही रोज नोंदवत गेलात तर काही दिवसांत आपला कान आकड्यांवर पहारा ठेवू लागेल.

प्रश्न : कलर डॉपलरमध्ये 'मांडीच्या धमनीत अरुंद जागी वेग 310, त्याआधी 90, गुणोत्तर 3.4, खाली मोनोफेजिक प्रवाह' असे आले आहे. मी अर्धा किलोमीटर चालू शकतो, जखम नाही, रात्री पाय दुखत नाही. ताबडतोब फुगा घालून (धमनी आतून रुंद करून) घ्यावा, असे नातेवाईक म्हणतात.

उत्तर : कलर डॉपलरमध्ये धमनीचे चित्र आणि तिच्यातील वेग एकत्र दिसतात. अरुंद जागेतून तेवढेच रक्त पुढे जायचे म्हणजे त्याला वेग वाढवावा लागतो. अरुंद जागेचा वेग त्याच्या आधीच्या वेगाच्या दुपटीहून जास्त असेल तर व्यास निदान निम्म्याने घटला आहे असे धरतात, आणि चौपट झाला तर तीन चतुर्थांशाहून जास्त. आपले 3.4 मधे पडते, आणि 'खाली मोनोफेजिक' या शब्दांशी ते जुळते. नुसता 'मोनोफेजिक' हा शब्द मात्र एकट्याने आला असता तर मी सावध राहिलो असतो. नुकतेच चालून आलेल्या किंवा संसर्गाने लाल झालेल्या पायात सूक्ष्म धमन्या उघडलेल्या असतात आणि निरोगी धमनीतही उलटा प्रवाह नाहीसा होतो. फरक चढणीत दिसतो. निरोगी धमनीची लाट झटकन उभी चढते, आजारी धमनीची रेंगाळत चढते.

निर्णय मात्र वेगाच्या गुणोत्तरावर होत नाही. आपल्या पायाला धोका असल्याचे कोणतेही चिन्ह पत्रात नाही. अशा वेळी औषधे, तंबाखू पूर्ण बंद आणि नेमाने चालण्याचा व्यायाम यांना पहिली संधी द्यावी, असेच मी सुचवेन. आठवड्यातून निदान तीनदा, 30 ते 45 मिनिटे, पोटरी बरीच दुखेपर्यंत चालायचे, थांबायचे, दुखणे गेले की पुन्हा चालायचे, असे किमान बारा आठवडे करावे लागते. ते देखरेखीखाली झाले तर जास्त लाभ होतो. एवढे करूनही रोजच्या कामात अडथळा राहिला तर फुग्याचा विचार जरूर करा. रात्री पाऊल दुखून पाय पलंगाखाली लोंबकळत ठेवावासा वाटू लागला किंवा जखम झाली, तर वाट न पाहता दाखवा. शस्त्रक्रियेपूर्वी बहुधा आणखी एखादे चित्रण लागेल, कारण कॅल्शियमच्या सावलीत आणि ओटीपोटातील वायूमागे कलर डॉपलरला नीट दिसत नाही.

प्रश्न : असा डॉपलर विकत घेऊन घरी रोज पाय तपासला तर चालेल का? या लहरींचा अपाय होतो का?

उत्तर : या तपासणीत क्ष-किरण नसतात, सुई नसते, आणि पायावर ती कितीही वेळा केली तरी अपाय झाल्याचे माहीत नाही. तरीही घरी रोज ऐकण्याचा सल्ला मी देणार नाही. न सरावलेल्या हाताला एखाद्या दिवशी आवाज सापडत नाही आणि घर घाबरते. दुसऱ्या दिवशी नीलेचा आवाज सापडतो आणि घर निश्चिंत होते. रोज तपासायचेच असेल तर बोटांच्या बेचक्या, टाचेच्या भेगा आणि तळपाय चांगल्या उजेडात पाहावेत. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून पाहावे.

पाय एकाएकी गार आणि पांढरा पडला, असह्य दुखू लागला, बधिर झाला किंवा बोटे हलेनाशी झाली, तर घरी कोणतेही यंत्र शोधत बसू नका. गुठळीने धमनी अचानक बंद झाली असेल तर स्नायूंकडे काही तासांचीच मुदत असते. सरळ अशा रुग्णालयात जा, जिथे रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया होते, आणि पाय नेमका किती वाजता दुखू लागला ते तिथे पोहोचताच सांगा.